पंडिता रमाबाई आणि मंडळीतील दुःखे

बाहेरच्यांनी केलेल्या छळापेक्षा मंडळीत मिळालेले दुःख मनुष्यास अधिक बोचते. ज्यांनी आपणांस प्रभूचे नाव प्रथम सांगितले, ज्यांच्या साक्षीने आपण बाप्तिस्मा घेतला, ज्यांच्याबरोबर एकाच भाकरीचे विभागी झालो, त्यांच्यापैकीच कोणी आपला अपमान केला, किंवा आपल्या सरळ प्रश्नास गर्व हे नाव दिले, म्हणजे मन खचून जाते. अशा वेळी पुष्कळ जण दोहोंपैकी एक गोष्ट करितात. कोणी उपासनेस येणे सोडतो, आणि काही दिवसांनी घरची प्रार्थनाही सोडतो. कोणी येत राहतो, परंतु ओठ मिटून बसतो, आणि आतल्या आत कडू होत जातो. पनवेलच्या आसपास काय किंवा घाटावर काय, जेथे जेथे मंडळी आहे तेथे तेथे ह्या दोन्ही प्रकारची माणसे आढळतात.

ह्या दोहोंहून निराळी अशी तिसरी वाट आहे. ती वाट चाललेली एक बाई आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली. पनवेलहून घाट चढून पुणे गाठावे, आणि तेथून दौंडच्या आगगाडीने पूर्वेस जावे, म्हणजे केडगाव लागते. तेथील मुक्तिसदनाचे व त्याच्या संस्थापिका पंडिता रमाबाई यांचे नाव ज्याने ऐकले नाही असा ख्रिस्ती मनुष्य आपल्याकडे विरळा. विधवांची माता, दुष्काळातील अनाथांची आई, शास्त्राचे भाषांतर करणारी विदुषी, अशी त्यांची कीर्ती आहे. परंतु ख्रिस्ती झाल्यावर पहिल्याच तीन वर्षांत त्यांस ख्रिस्ती लोकांकडूनच केवढे क्लेश झाले, आणि त्यांतून त्या कशा पार पडल्या, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. त्या वेळची पत्रे एका इंग्रज भगिनीने जपून ठेविली होती. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती १९७७ साली छापून प्रसिद्ध केली, तेव्हा हा सर्व वृत्तांत लोकांपुढे आला. तो आमच्या वाचकांस उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान व धर्मनिष्ठ गृहस्थ होते. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये असा त्या काळचा निर्बंध असताही त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविले, आणि ह्याबद्दल त्यांस धर्मपंडितांपुढे उत्तर द्यावे लागले. पुढे आईने रमाबाईंस शिकविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरे. १८७४ पासूनच्या दुष्काळी दिवसांत आईबाप व थोरली बहीण ही एकामागून एक मरण पावली. मागे राहिलेली रमाबाई व तिचा भाऊ श्रीनिवास ही दोघे अनवाणी, अर्धपोटी, शेकडो कोस चालत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या.

कलकत्त्यात त्यांनी ख्रिस्ती लोक प्रथम जवळून पाहिले. एका घरी प्रार्थनेच्या वेळी मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकताना पाहून त्यांस वाटले की, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करीत असावेत. कोणी त्यांस संस्कृत भाषेतील पवित्र शास्त्र भेट दिले. परंतु त्याची भाषा त्यांच्या ओळखीच्या संस्कृताहून इतकी निराळी होती की, एवढ्या विदुषीसही ते उमगेना, आणि त्यांनी ते बाजूस ठेविले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण तिचे फळ पुढे दिसून येईल.

१८८० साली भाऊ वारला. त्याच साली रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी विवाह केला. ते ब्राह्मणेतर जातीचे होते, म्हणून दोन्हींकडच्या लोकांनी ह्या विवाहास दोष दिला. आसामात सिलचर येथे राहत असता नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांस बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान सापडले, आणि ॲलन नावाचे बाप्तिस्त मिशनरी त्यांस उत्पत्तीचे पुस्तक समजावून सांगू लागले. १८८१ साली कन्या मनोरमा जन्मास आली. १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. तेवीस वर्षांची ही विधवा तान्हे मूल घेऊन महाराष्ट्रात परत आली. पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य पाहिजेत, असे निर्भयपणे सांगितले.

वैद्यक शिकावे म्हणून १८८३ साली त्या इंग्लंडास निघाल्या. बरोबर मनोरमा व आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. वाँटेज गावी कुमारी मरियेच्या नावाचा इंग्लंडच्या चर्चचा एक भगिनीसंघ आहे. त्याच्या काही भगिनी पुण्यातही काम करीत असत. त्या भगिनींकडे रमाबाई उतरल्या. निघण्यापूर्वी त्यांनी मी ख्रिस्ती होणार नाही असे आपल्या लोकांस सांगितले होते. परंतु लंडनजवळ फुलहॅम येथे भगिनींनी चालविलेले एक घर त्यांनी पाहिले. वाट चुकलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांस तेथे प्रेमाने ठेवून घेतले जाई. अशा स्त्रियांची सेवा का करावी, असे रमाबाईंनी विचारता एका भगिनीने त्यांस प्रभूची व शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. स्त्रीला, आणि त्यातही पतित स्त्रीला, असा मान देणारा गुरू त्यांनी कोठेही पाहिला नव्हता. त्याच दिवसांत फादर नीलकंठ उर्फ नेहेम्या गोरे यांचे पत्रही त्यांस फार उपयोगी पडले. गोरे हे स्वतः चित्पावन पंडित असून ख्रिस्ती झाले होते, आणि जन्मभर शंकांशी झगडूनही विश्वासात टिकले होते.

ह्याच वेळी एक भयंकर गोष्ट घडली. सोबत आलेल्या आनंदीबाईंच्या मनावर परिणाम होऊन त्यांनी वाँटेज येथेच आत्महत्या केली. परक्या देशात एकुलती एक मैत्रीण अशी गेली. ह्या आघातातून पुरत्या सावरल्याही नसतील तोच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथवर गोष्ट आनंदाची वाटेल. परंतु खरी कसोटी येथूनच सुरू झाली.

बहिरेपणामुळे वैद्यकाचा विचार सोडावा लागला, म्हणून १८८४ च्या आरंभी रमाबाई चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात गेल्या. तेथे त्या शिकत व संस्कृत शिकवीतही असत. मुख्याध्यापिका डोरोथिया बील ह्या समजूतदार बाई होत्या. मनोरमा वाँटेजलाच भगिनींपाशी राहिली. रमाबाईंची देखरेख भगिनी जेरल्डीन यांजकडे होती. रमाबाई त्यांस आजीबाई म्हणून हाक मारीत, आणि पत्रांतही आजीबाई असेच लिहीत. ह्यावरून दोघींत किती प्रेम होते हे दिसते. आणि जेथे एवढे प्रेम असते तेथेच दुःखही खोल लागते.

पहिला प्रसंग असा. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांस आपल्या देशाच्या भाषा शिकवाव्या असा एक विचार निघाला. लाहोर व मुंबई येथील तत्कालीन बिशपांस ही गोष्ट पसंत पडली नाही. एका तरुण हिंदी विधवेने पुरुषांस शिकविले तर तिचे स्वदेशातील वजन नाहीसे होईल, असे त्यांचे मत पडले, आणि भगिनींनी ते मान्य केले. रमाबाईंस ह्याचे फार वाईट वाटले. ज्या बाईने कलकत्त्याच्या व पुण्याच्या पंडितांपुढे व्याख्याने दिली, जिच्या बापाने स्त्रीशिक्षणापायी जातीचा रोष पत्करिला, तिने पुरुषांपुढे उभे राहू नये हे आता ख्रिस्ती धर्मगुरूंनी ठरवावे, आणि तेही तिला न विचारता! परस्पर ठरविलेल्या ह्या गोष्टीमुळे आपल्यावर भरवसा नाही असे त्यांस वाटले. मिस बील यांनी ह्या बाबतीत त्यांचीच बाजू घेतली.

दुसरा प्रसंग अन्नाचा व वेषाचा. रमाबाई ख्रिस्ती झाल्या तरी मांसमच्छर खात नसत, अंडी घातलेले पक्वान्नही घेत नसत. भगिनी जेरल्डीन यांस हा जातीचा अभिमान वाटला, आणि तो अजून गेला नाही म्हणून त्यांनी दोष दिला. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी काय खावे ह्याचा विश्वासाशी संबंध नाही; मी आपल्या लोकांसारखी राहिले तर त्यांत प्रभूचा काय अपमान आहे? तसेच गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असत. ती मला कळत नाहीत, माझ्या देशाच्या लोकांसही कळत नाहीत, मग संस्कृत अक्षरे का नसावीत, देवाला लॅटिन तेवढी पवित्र आणि संस्कृत अपवित्र असे आहे काय, असा त्यांचा प्रश्न होता. आज ह्या प्रश्नात कोणासही दोष दिसणार नाही. त्या वेळी मात्र तो उद्धटपणा ठरला.

तिसरा प्रसंग सर्वांत कठीण, कारण तो श्रद्धेचा होता. इंग्लंडात रमाबाईंनी ख्रिस्ती लोकांचे अनेक पंथ पाहिले, आणि प्रत्येक जण आपलाच मार्ग शुद्ध म्हणतो हेही पाहिले. त्रैक्याविषयी, चर्चच्या काही मतांगीकारांविषयी, धर्मगुरूंच्या अधिकाराविषयी त्यांच्या मनात शंका उठल्या. त्यांनी त्या लपविल्या नाहीत. आजीबाईंस पत्रे लिहून एकेक विचारू लागल्या. उत्तरे आली, परंतु उत्तरांत समजुतीपेक्षा आज्ञा अधिक असे. तू विश्वासात अजून मूल आहेस, मुलाने ऐकावे, असा त्यांचा सूर होता. मनोरमेस कोणते धर्मशिक्षण द्यावे ह्यावरूनही आई व भगिनी यांत मतभेद झाला. रमाबाईंनी स्पष्ट कळविले की, आपल्या देशातील पुरोहितांचे जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले आहे. आता दुसरे जू देवाच्या आज्ञेच्या नावाने मानेवर घेणार नाही. देवाने मला विवेकबुद्धी दिली आहे, आणि तिचा जाब मला द्यावयाचा आहे. आपला बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत झाला आहे, केवळ एका पंथात नव्हे, असेही त्यांनी सांगितले.

येथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भगिनी जेरल्डीन ह्या दुष्ट नव्हत्या. त्यांनी परक्या बाईस व तिच्या मुलीस आसरा दिला, आजारात शुश्रूषा केली, मनोरमेवर नातीसारखी माया केली. हाती दिलेला जीव वाट चुकू नये ह्या काळजीनेच त्या कडक झाल्या. परंतु राज्य करणाऱ्या लोकांतील मनुष्यास आपल्या रीती म्हणजेच प्रभूच्या रीती असे वाटू लागते, आणि वयाने व अधिकाराने मोठ्या असणाऱ्यास लहानाचा प्रश्न बंडासारखा भासतो. हा दोष त्या एका बाईचा किंवा एका देशाचाच आहे असे नाही. आमच्यांतील पाळक, पंच व उपदेशक यांसही तो जडतो. त्यांच्याही हातून नव्या विश्वासणाऱ्याचे मन चांगल्या हेतूने मोडले जाते.

आता रमाबाईंनी काय केले ते पाहावे, आणि काय केले नाही तेही पाहावे.

त्यांस परत फिरणे सोपे होते. मी फसले, ख्रिस्ती लोकही तसेच निघाले, एवढे शब्द त्यांनी उच्चारले असते तर पुण्यातील पुष्कळांनी त्यांचा सत्कार केला असता. त्यांनी ते केले नाही. गप्प बसणेही सोपे होते. वाँटेजकडून आसरा होता, मुलीचे पालन होते. मान हलवून हो म्हटले असते तर सर्व सुखाने चालले असते. त्यांनी तेही केले नाही. जे पटले नाही ते पटले नाही असे त्यांनी तोंडावर, स्वच्छ शब्दांत सांगितले. बाजारात जाऊन मंडळीची निंदा केली नाही. ज्यांच्याशी तंटा होता त्यांसच पत्रे लिहिली. भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याच्याकडे जावे असे जे प्रभूने शिकविले आहे, तेच हे नव्हे काय?

आणि चौथी गोष्ट त्यांनी केली नाही, ती सर्वांत महत्त्वाची. बोलणाऱ्यांचा राग त्यांनी ख्रिस्तावर काढला नाही. शोमरोनी स्त्रीशी विहिरीपाशी बोलणारा प्रभू हा बिशपांच्या ठरावाने लहान होत नाही, आणि आजीबाईंच्या कडक पत्राने कठोर होत नाही, हा भेद त्यांच्या मनात पक्का होता. शंका होत्या त्या मतांविषयी. ज्याच्याकडे त्या आल्या होत्या त्याला त्यांनी सोडले नाही.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. नात्यातल्या आनंदीबाई जोशी यांस ११ मार्च रोजी फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी मिळाली, त्या समारंभास त्या हजर होत्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १८८७ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षअखेर बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. ह्या मंडळात निरनिराळ्या पंथांचे लोक एकत्र बसत. वाँटेजला पंथांचे भांडण पाहिलेल्या रमाबाईंस येथे पंथ बाजूस ठेवून काम करणारे ख्रिस्ती पाहावयास मिळाले. ज्यांनी दुखविले तेवढेच ख्रिस्ती नव्हेत, हे त्यांस दिसून आले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदासदन निघाले, आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास गेले. पुढे धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झालेल्या गोदूबाई ह्या तेथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत. सदनात कोणावर धर्म लादावयाचा नाही असा नियम होता. रमाबाई आपल्या खोलीत शास्त्र वाचीत व प्रार्थना करीत. दार मात्र उघडे असे. येथे दोन्ही बाजूंनी मारा सुरू झाला. काही मिशनरी म्हणू लागले की, ही बाई उघड उपदेश करीत नाही, मग ही कसली ख्रिस्ती? हिंदू पुढारी म्हणू लागले की, दार उघडे ठेविते म्हणजे मुलींस बाटविते. १८९३ साली पुण्यात मोठा गवगवा झाला, सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर यांसारखे थोर गृहस्थ दूर झाले, आणि पुष्कळ मुली घरी नेल्या गेल्या.

परंतु हा गवगवा होण्यापूर्वी, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंच्या अंतरात एक मोठी गोष्ट घडली होती. आपल्या साक्षीच्या पुस्तकात त्यांनी ती सांगितली आहे. त्यांस असे आढळून आले की, आठ वर्षांपूर्वी मला ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो मला अजून मिळालेला नाही. वाचक हो, ह्यावर थोडे थांबून विचार करावा. इतक्या लोकांनी दुखविलेली बाई स्वतःच्या अंतःकरणाची झडती घेते. दुसऱ्यांचे दोष खरे होते. तरी तेवढ्यावर नजर ठेवून ती बसली नाही. आपल्यातही काही उणे आहे हे तिने पाहिले, आणि जसे आहे तसे देवापुढे मांडले. त्या दिवसापासून त्यांच्या वागण्यात निराळाच शांतपणा आला, आणि १८९३ चे वादळ त्या शांतपणाने त्यांनी सोसले.

पुढची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. १८९६ व १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे ३०० मुली व बायका वाचवून आणल्या. स्वतः बाळपणी दुष्काळात आईबाप गमाविलेली ही बाई अशा मुलींस पाहून घरी बसणे शक्य नव्हते. पुण्यात प्लेग आला, तेव्हा केडगावच्या शेतात झोपड्या उभ्या राहिल्या, आणि त्यांतून मुक्तिसदन निघाले. १९०० च्या दुष्काळात गुजराथेतून आणखी मुली आल्या, आणि सदनातील माणसे दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, दूधदुभते, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे बायकाच करू लागल्या. पतित स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅम येथे जे पाहिले होते तेच ते. मनोरमा शिकून आल्यावर तिने आंधळ्यांस बोटांनी वाचावयास शिकविले.

मुक्तिसदन त्यांनी कोणत्याही एका पंथाच्या स्वाधीन केले नाही. निरनिराळ्या देशांचे व पंथांचे सेवक तेथे एकत्र राबत. आणि वाँटेजला जी गोष्ट दोष ठरली होती ती त्यांनी केडगावात रूढ केली. अंगावर साधे पांढरे लुगडे, पुढे शाकाहारी अन्न, असे त्या अखेरपर्यंत राहिल्या. दुसऱ्यांनी केलेल्या जुलमाचा बदला त्यांनी स्वतः जुलूम करून घेतला नाही. आपणांस जे मिळाले नाही ते त्यांनी दुसऱ्यांस दिले.

संस्कृत शास्त्र न उमगल्यामुळे ते बाजूस ठेविल्याची गोष्ट मागे सांगितली. तिचे फळ आता पाहावे. चालू मराठी भाषांतर खेड्यातील बायाबापड्यांस कठीण जाते असे रमाबाईंस वाटे. म्हणून उतारवयात त्यांनी इब्री व ग्रीक ह्या मूळ भाषांचा अभ्यास करून सर्व शास्त्र सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. आमच्या पनवेलीत बेने इस्राएल बांधवांचे बेथ एल नावाचे जुने सभास्थान आहे; तेथे जी इब्री वाचली जात आली, तीच भाषा एक मराठी बाई केडगावात बसून, कानांनी अधू असता, अक्षर अक्षर शिकत होती. मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथील मुलींनीच खिळे जुळवून ते पुस्तक छापले. क्रुसावर आपल्या लोकांस कळेल अशी अक्षरे असावीत म्हणून जिने वाद घातला, तिने सर्व शास्त्रच आपल्या लोकांस कळेल अशा शब्दांत घालून दिले. रागाने मंडळी सोडली असती तर हे काम झाले नसते. भिऊन गप्प बसली असती तरीही झाले नसते.

१९२१ साली एकुलती कन्या मनोरमा वारली. हा घाव सोसून रमाबाईंनी भाषांतराचे शेवटचे काम संपविले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. भगिनी जेरल्डीन यांच्याशी मतभेद झाले तरी त्यांनी नाते तोडले नाही; मायलेकींची पत्रे पुढे कित्येक वर्षे आजीबाईंस जात राहिली. आणि ज्या पत्रांत स्वतःवरचे आक्षेप आहेत ती पत्रे आजीबाईंनी फाडून टाकली नाहीत, जपून जुळवून ठेविली, हीही त्यांच्या प्रामाणिकपणाची खूणच म्हणावी. ज्या इंग्लंडच्या चर्चच्या बिशपांनी एकदा ह्या बाईस पुरुषांपुढे शिकवू नये म्हटले, त्याच चर्चच्या पंचांगात आज दरवर्षी ३० एप्रिल हा दिवस शास्त्राचे भाषांतर करणाऱ्या पंडिता मेरी रमाबाई यांच्या स्मरणार्थ नेमलेला आहे. मंडळी चुकते, आणि कधी कधी फार उशिरा का होईना, शिकते.

प्रिय बंधुभगिनींनो, ह्या चरित्रातून आपण काय घ्यावे? पहिले हे की, मंडळीत दोष असतात हे ऐकून किंवा पाहून डगमगू नये. करिंथ येथील मंडळीत तट पडले होते. पौल व बर्णबा यांच्यातही इतका कडाका उडाला की ते वेगवेगळ्या वाटांनी गेले. शास्त्राने हे लपविले नाही, मग आपण तरी लपवावे का? दुसरे हे की, टिकून राहणे म्हणजे अन्याय झाकणे नव्हे. पैशाचा अपहार झाला, स्त्रीची किंवा लेकराची अब्रू गेली, दुर्बळाला मारहाण झाली, तर मंडळीचे नाव जाईल म्हणून गप्प राहणे ही प्रभूची सेवा नव्हे. आधी पंचांपुढे, आणि जेथे कायद्याचे काम असेल तेथे सरकारदरबारी, सत्य सांगितलेच पाहिजे. रमाबाईंचा प्रसंग त्याहून हलका होता, तरी त्या गप्प राहिल्या नाहीत.

तिसरे, जे मंडळीत वडील आहेत, म्हणजे पाळक, पंच व उपदेशक, त्यांच्यासाठी आहे. नवा विश्वासणारा प्रश्न विचारतो तेव्हा त्यास गर्विष्ठ म्हणण्याची घाई करू नये. प्रश्न विचारणारा अजून आपल्या दाराशी आहे. ज्याने विचारणे सोडले तो कदाचित वाटेला लागला असेल. आपली जेवणाची, बसण्याउठण्याची, गाण्याची रीत आणि प्रभूची आज्ञा यांत भेद करावयास आपण शिकले पाहिजे.

आणि शेवटचे, जो आज दुखावलेला आहे त्याच्यासाठी. बाबा रे, बाई ग, तुझे दुःख खरे आहे. ते काही नाही असे तुला कोणी सांगू नये. ज्याने दुखविले त्याच्याकडे जाऊन सांग. एकट्याने जाववत नसेल, किंवा जाण्यात धोका असेल, तर विश्वासाचे कोणी बरोबर घे. एका मंडळीत ऐकून घेणारा कोणी उरला नसेल, तर प्रभूची मंडळी तेवढीच नाही, हेही ध्यानात ठेव. परंतु त्या मनुष्याचा राग प्रभूवर काढू नको, आणि आपल्या अंतःकरणाकडे पाहावयास विसरू नको. रमाबाई वाँटेजच्या विहिरीवर पाणी भरावयास आल्या नव्हत्या. शोमरोनाच्या विहिरीपाशी जो बसला होता त्याच्याकडे त्या आल्या होत्या, म्हणून त्यांचा घडा रिकामा राहिला नाही.